यंत्रामागचा हात



कोणत्याही धर्मादाय रुग्णालयात पाऊल ठेवले की प्रथम दृष्टी जाते ती भिंतीवरील संगमरवरी पाटीकडे. कोणत्या परिवाराने कोणाच्या स्मरणार्थ कोणते यंत्र अर्पण केले, याची नोंद तेथे कोरलेली असते. ही परंपरा वंदनीय आहे. त्या दानावाचून कित्येक रुग्णांचे निदानच झाले नसते. परंतु ते यंत्र आपोआप चालत नाही. त्याच्यामागे एक हात असतो, एक जागरूक डोळा असतो, आणि त्या हाताचे नाव कोणत्याही पाटीवर नसते. आजच्या व्याख्यानाचा विषय तो हात आहे : बालरुग्णालयाच्या हृदयविभागात काम करणारा तंत्रज्ञ, अथवा तंत्रज्ञ भगिनी.

विषय वरकरणी दूरचा वाटेल. पण जन्मतः हृदयात दोष असलेली बालके दर हजार जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ असतात. हा प्रश्न ज्याच्या आप्तपरिवारात कधीच आला नाही, असा मनुष्य विरळा. यांपैकी काही दोष वाढत्या वयाबरोबर आपोआप बुजतात, काहींना औषध पुरते, काहींना शल्यक्रिया लागते. कोणत्या बाळाला काय लागणार, याचा निर्णय डॉक्टर घेतात. पण तो निर्णय ज्या आलेखावर, ज्या मापावर उभा राहतो, ते माप पुष्कळदा तंत्रज्ञाच्या हातून घेतलेले असते. माप खरे असेल तर निर्णय खरा. म्हणून या कामाची थोडी ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

तळहाताएवढी छाती

बालरुग्णालयातील ईसीजीच्या खोलीचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. तीन आठवड्यांचे बाळ आईच्या कुशीत आहे. दूध ओढताना ते दमते, कपाळाला घाम फुटतो, वजन वाढत नाही, म्हणून तालुक्याच्या डॉक्टरांनी त्याला पुढे पाठवले आहे. आई रात्रभर एसटीत बसून आली आहे. बाळ भुकेले असले तर रडणार, रडले की हातपाय झाडणार, आणि हातपाय हलले की कागदावर हृदयाच्या रेषेत स्नायूंची थरथर मिसळणार. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ भगिनी यंत्राला हात लावण्यापूर्वी आईला म्हणते, "ताई, आधी बाळाला पाजून घ्या. घाई नाही." बाहेर रांग वाढत असते, वॉर्डातून निरोपावर निरोप येत असतात, तरी ती 'घाई नाही' असेच म्हणते. या व्यवसायातील पहिला धडा तोच आहे. शांत झालेल्या बाळाचा दोन मिनिटांचा आलेख हा रडणाऱ्या बाळाच्या अर्ध्या तासाच्या झटापटीपेक्षा अधिक उपयोगी असतो.

ईसीजी म्हणजे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे वाहणाऱ्या सूक्ष्म विद्युतप्रवाहाचा आलेख. हॉलंडमधील विलेम आइन्थोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा आलेख काढण्याचे भरवशाचे यंत्र सिद्ध केले. त्याबद्दल १९२४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळी रुग्णाला हात व पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. आता हातापायांना चार आणि छातीला सहा अशी दहा टोके लावतात व त्यांतून बारा दिशांनी हृदयाचा वेध घेतात. मोठ्या माणसाच्या छातीवर सहा टोके ऐसपैस बसतात. तीन आठवड्यांच्या बाळाची छाती तळहाताएवढी असते. तेथे दोन टोकांखालचा लेप पसरून एकमेकांत मिसळला, तर दोन निराळ्या जागांची नोंद एकसारखी उमटते आणि पाहणाऱ्याची फसगत होते.

शिवाय बालकाचे हृदय म्हणजे मोठ्यांच्या हृदयाची छोटी प्रतिकृती नव्हे. गर्भावस्थेत हृदयाच्या उजव्या बाजूवर मोठा भार असतो, त्यामुळे नवजात बाळात ती बाजू बळकट असते आणि पुढे हळूहळू डावी बाजू वरचढ होते. म्हणून लहान मुलांत छातीच्या उजवीकडेही जादा टोक लावून नोंद घेण्याची पद्धत आहे. मोठ्या माणसाचे हृदय विश्रांतीत मिनिटाला ६० ते १०० वेळा ठोके देते. नवजात बाळाच्या बाबतीत १२० ते १६० ही नित्याची गती असते. मोठ्यांच्या बाबतीत जी गती पाहून धावपळ उडावी, ती बाळाच्या बाबतीत निरोगीपणाची खूण ठरते.

एका उदाहरणाने या कामातील जबाबदारी स्पष्ट होईल. उजव्या हाताची तार चुकून डाव्या हाताला आणि डाव्याची उजव्याला लागली, तर आलेखाचा काही भाग उलटा येतो. हृदय छातीच्या उजव्या बाजूस असावे, असा भास होतो. मोठ्यांच्या रुग्णालयात असा आलेख दिसला की तार चुकली, असेच बहुधा निघते. बालरुग्णालयात मात्र ज्याचे हृदय खरोखरच उजवीकडे आहे, असे मूल अधूनमधून येते. म्हणून जाणता तंत्रज्ञ प्रथम तारा पुन्हा तपासतो. मग छातीवरील सहा नोंदी पाहतो. त्या डावीकडे जाताना नेहमीप्रमाणे चढत्या असतील तर चूक तारेची. त्या डावीकडे जाताना लहान लहान होत असतील तर हृदय खरेच उजवीकडे असण्याचा संभव. ही खातरजमा करून मगच कागद पुढे जातो. तपासणीला अर्धे मिनिट लागते. ते न दिल्यास एखाद्या निरोगी बाळाच्या मातापित्यांना कित्येक रात्री झोप लागणार नाही.

ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या गतीने सरकतो. त्यावरील लहान चौकट म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग, म्हणजेच ०.०४ सेकंद. उंचीचेही माप ठरलेले असते : एका मिलिव्होल्टला १० मिलिमीटर. बाळाची छाती पातळ असल्याने लाटा कित्येकदा इतक्या उंच येतात की एकमेकींवर चढतात. अशा वेळी माप निम्मे करून आलेख काढावा लागतो. पण माप निम्मे केल्याची नोंद कागदावर असलीच पाहिजे. ती राहिली, तर वाचणारा डॉक्टर निम्मी उंचीच खरी धरून चालेल. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग बाजारपेठेत सर्वांच्या परिचयाचा आहे. दुकानातील पापाने ग्राहकाचे चार पैसे बुडतात. येथील पापाने काय बुडू शकते, हे वेगळे सांगावयास नको.

ध्वनीने काढलेले चित्र

ईसीजीने हृदयाची विद्युतगती कळते. हृदयाची घडण पाहण्यासाठी इको तपासणी लागते. हिचा जन्म स्वीडनमधील लुंड येथे झाला. १९५३ मध्ये इंगे एडलर या हृदयरोगतज्ज्ञाने आणि हेलमुट हर्ट्झ या पदार्थवैज्ञानिकाने धातूंतील दोष शोधणाऱ्या ध्वनियंत्राचा उपयोग मनुष्याच्या हृदयावर केला. जहाजबांधणीच्या कारखान्यात पोलादातील तडा शोधण्यासाठी जे साधन वापरीत, तेच पुढे हृदयाच्या झडपा पाहण्याचे साधन झाले. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी छातीतून आत जातात, हृदयाच्या भिंतींवर आपटून परत येतात आणि पडद्यावर चित्र उमटते. सुई टोचावी लागत नाही, क्ष-किरण लागत नाहीत, शरीरावर ओरखडाही उमटत नाही.

अमेरिकेतील बालरुग्णालयांत ही तपासणी प्रामुख्याने खास शिक्षण घेतलेले तंत्रज्ञ करतात. डॉक्टर नंतर सर्व चित्रे पाहून अहवाल देतात. आपल्याकडे लहान मुलांची इको तपासणी बहुतेक ठिकाणी डॉक्टर स्वतः करतात आणि तंत्रज्ञ ईसीजी, चोवीस तासांची हृदयनोंद, कॅथलॅबमधील दाबांच्या व प्राणवायूच्या नोंदी अशी कामे सांभाळतो. हात कोणाचाही असो, त्या हाताकडून अपेक्षा एकच आहे.

बाळांसाठी वापरण्याचा शोधक लहान असतो आणि त्याच्या लहरी अधिक सूक्ष्म असतात. त्या फार खोल जात नाहीत, पण बाळाचे हृदय मुळातच त्वचेपासून जवळ असल्याने चित्र रेखीव येते. छातीच्या पिंजऱ्याखालून, यकृताच्या आडून वर पाहिले की बाळाचे संपूर्ण हृदय उलगडते. मोठ्या माणसात तेथून इतके स्पष्ट दिसत नाही. लेप थंड असला तर मूल दचकते, म्हणून तो आधी कोमट करून घेतात. मान मागे करून गळ्याच्या खळग्यातून पाहावे लागते, तो भाग मुलांना मुळीच आवडत नाही, म्हणून तो शेवटी ठेवतात. कोणी खुळखुळा वाजवतो, कोणी पडद्यावर कार्टून लावतो, कोणी आईच्या मांडीवरच तपासणी उरकतो. काहीच साधले नाही तर डॉक्टरांच्या आदेशाने झोपेचे औषध देतात. ते दिल्यावर बाळाच्या श्वासाकडे व बोटाला लावलेल्या प्राणवायूमापकाकडे सतत लक्ष ठेवणे, हेही कामच असते.

या तपासणीत एक ठरलेला क्रम असतो. हृदय कोणत्या बाजूस आहे, शरीरातील अशुद्ध रक्त कोणत्या कप्प्यात येते, तो कप्पा खाली कोणत्या कप्प्याला जोडलेला आहे, त्यातून कोणती रोहिणी निघते आणि ती कोठे जाते, हे एकेक करून सिद्ध करावे लागते. जे नेहमी असते ते येथेही असेलच, असे गृहीत धरण्यास बालरुग्णालयात मुळीच वाव नाही. काही बाळांत दोन मुख्य रोहिण्यांच्या जागांची अदलाबदल झालेली असते. दोन्ही रोहिण्या दिसल्या म्हणून समाधान मानणारा तेथे फसतो. कोणती कोठून निघाली हे पाहणारा बाळाचे प्राण वाचवण्यास हातभार लावतो.

पडद्यावर लाल आणि निळा रंग दिसू लागला की पालकांच्या मनात काहूर उठते. निळे म्हणजे अशुद्ध रक्त, असा त्यांचा समज होतो. वस्तुतः शोधकाच्या दिशेने येणाऱ्या प्रवाहाला लाल आणि दूर जाणाऱ्या प्रवाहाला निळा रंग देण्याचा तो केवळ संकेत आहे. शुद्ध-अशुद्धतेशी त्याचा संबंध नाही. एवढे एक वाक्य ठाऊक असले तरी कित्येक मातांचे अश्रू वाचतील.

आता मापाचा प्रश्न पुन्हा पाहू. फुप्फुसाकडे जाणारी झडप अरुंद असली की रक्त तिच्यातून वेगाने मुसंडी मारते. वेग सेकंदाला ४ मीटर भरला, तर सोप्या सूत्राने वेगाचा वर्ग करून त्याला चारने गुणतात. उत्तर येते पाऱ्याचे ६४ मिलिमीटर. ही गंभीर आजाराच्या उंबरठ्यावरची संख्या आहे. परंतु हे माप खरे येण्यासाठी शोधकाची रेषा रक्ताच्या धारेच्या अगदी सरळ रेषेत असावी लागते. हात ३० अंशांनी तिरका राहिला, तर वेग साडेतीन मीटरच्या आसपास दिसतो आणि उत्तर येते ४८. त्याच बाळाची तीच झडप कागदावर मध्यम आजाराची ठरते. यंत्र दोन्ही वेळा निर्दोष चालले, वीज गेली नाही, बिघाड झाला नाही. फक्त हात कलला. म्हणून चांगला तंत्रज्ञ एकाच जागेवरून माप घेऊन थांबत नाही. दोन-तीन दिशांनी पाहतो आणि सर्वांत मोठे खात्रीचे माप नोंदवतो.

मौनाची शिस्त

या कामातील सर्वांत अवघड भाग हाताचा नाही, तो चेहऱ्याचा आहे. खोलीत अंधार असतो. आईचे डोळे पडद्यावर नसतात, कारण पडद्यावरचे तिला कळत नाही. ते तंत्रज्ञाच्या चेहऱ्यावर खिळलेले असतात. कपाळावर एक आठी पडली तरी तिच्या काळजात चर्र होते. शेवटी ती विचारतेच, "ताई, काय दिसतंय हो? सगळं ठीक आहे ना?" तंत्रज्ञाला पुष्कळदा उत्तर कळलेले असते. तरी निदान सांगण्याचा अधिकार तिला नसतो, आणि तो नसणेच योग्य असते. कारण एका चित्रावरून अर्धवट सांगितलेली गोष्ट आईच्या मनात कायमची रुतते. ती म्हणते, "डॉक्टर सगळं नीट बघून तुम्हाला समजावून सांगतील. बाळाला आता कुशीत घ्या." हे वाक्य कोरडे वाटू नये आणि खोटा दिलासाही देऊ नये, अशा स्वरात दिवसातून वीस वेळा म्हणणे ही साधना आहे. असे उत्तर मिळाल्यावर 'या लोकांना काही सांगायलाच नको' अशी चिडचिड करणाऱ्या पालकांनी त्या मौनामागील संयम जाणून घ्यावा.

या मौनाबरोबर एक कर्तव्यही येते. काही नवजात बाळांत महारोहिणी एका ठिकाणी चिंचोळी असते. गर्भावस्थेतील एक वाहिनी जन्मानंतर काही दिवस उघडी राहते, आणि तिच्या आधाराने शरीराच्या खालच्या भागाला रक्त मिळत राहते. ती वाहिनी मिटू लागली की बाळ काही तासांत कोसळते. असे चिन्ह दिसले तर तंत्रज्ञाने तपासणी पूर्ण होण्याची, कागद छापला जाण्याची वाट पाहावयाची नसते. तत्काळ डॉक्टरांना बोलवावयाचे असते. प्रोस्टाग्लँडिन नावाचे औषध शिरेतून देऊन ती वाहिनी उघडी ठेवता येते आणि शल्यक्रियेपर्यंतचा वेळ मिळतो. आईशी बोलताना धरलेले मौन, आणि डॉक्टरांना हाक मारताना क्षणाचाही विलंब नाही, या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीत असाव्या लागतात.

बाल्टिमोरची कथा

यंत्रामागच्या, साधनामागच्या हाताचे नाव जगाला किती उशिरा कळते, याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात अमर झाले आहे. ते अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे आहे. त्या कथेचा नायक आजच्या अर्थाने हृदयविभागातील तंत्रज्ञ नव्हता, शल्यक्रियेच्या प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ होता. पण बालहृदयाच्या उपचाराचा पाया त्याच्या हातांनी घातला गेला.

व्हिव्हियन थॉमस यांचा जन्म १९१० मध्ये लुईझियाना राज्यात एका कृष्णवर्णीय सुताराच्या घरी झाला. डॉक्टर व्हावे ही त्यांची आकांक्षा. सुतारकाम करून त्यांनी शिक्षणासाठी पैसे साठवले होते. महामंदीत १९३० मध्ये बँक बुडाली आणि ती पुंजी गेली. त्याच वर्षी नॅशव्हिल येथे डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस म्हणून लागले. काम संशोधकाचे करीत, पण दप्तरी त्यांची नोंद झाडलोट करणाऱ्या कामगारांच्या वर्गात होती आणि वेतनही त्याच वर्गाचे. १९४१ मध्ये ब्लॅलॉक बाल्टिमोरला गेले, तेव्हा त्यांनी थॉमस यांना बरोबर नेले. तेथे पांढरा कोट घालून जाणारा कृष्णवर्णीय माणूस पाहून लोक वळून वळून पाहत.

त्याच रुग्णालयात डॉ. हेलन टॉसिग या बालहृदयाच्या दवाखान्याच्या प्रमुख होत्या. त्यांना ऐकू कमी येत असे. मुलांच्या हृदयाची धडधड त्या बोटांच्या स्पर्शाने ओळखीत. हृदयातील चार दोषांमुळे ज्यांच्या फुप्फुसांना पुरेसे रक्त मिळत नाही आणि ज्यांचे ओठ व नखे निळी पडतात, अशी बालके त्यांच्याकडे येत आणि डोळ्यांदेखत जात. फुप्फुसाकडे रक्त नेणारी नवी वाट करून देता आली तर ही मुले जगतील, हा विचार टॉसिग यांनी मांडला. ती वाट प्रत्यक्ष कशी करावी, हे प्रयोगशाळेत शोधून काढण्याचे काम थॉमस यांच्याकडे आले. बाळाच्या चिमुकल्या रोहिण्यांना पुरतील अशा सुया त्या वेळी नव्हत्या. थॉमस यांनी होत्या त्या सुया छाटून, घासून तशा बनवल्या.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी सव्वा वर्षाच्या एका निळ्या बालिकेवर पहिली शल्यक्रिया झाली. शल्यविशारद होते ब्लॅलॉक. त्यांच्या मागे एका चौरंगावजा पायरीवर थॉमस उभे होते आणि खांद्यावरून पाहत टाका कोठे, कोणत्या दिशेने घ्यावा हे सांगत होते. ती बालिका पुढे काही महिनेच जगली. पण वाट सापडली होती. नंतरच्या एका शल्यक्रियेत निळ्या ओठांचा मुलगा टेबलावरच गुलाबी झाला, आणि देशोदेशींचे पालक आपली मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले. १९४५ मध्ये या शल्यक्रियेचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, तो ब्लॅलॉक आणि टॉसिग यांच्या नावाने. थॉमस यांचा त्यात उल्लेख नव्हता. पुढील अनेक वर्षे ते तरुण शल्यविशारदांना शिकवीत राहिले, आणि संसाराला हातभार म्हणून ब्लॅलॉक यांच्या घरच्या समारंभांत पाहुण्यांना पेय देण्याचे कामही करीत राहिले. ज्यांना सकाळी शिकवावे, त्यांनाच सायंकाळी पेला भरून द्यावा, असा तो काळ होता.

१९७१ मध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांनी त्यांचे तैलचित्र करवून रुग्णालयाला अर्पण केले. १९७६ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९८५ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या शल्यक्रियेला दीर्घकाळ ब्लॅलॉक व टॉसिग या दोघांचेच नाव होते, तिच्या नावात आता अनेक ठिकाणी थॉमस यांचेही नाव जोडतात.

या कथेची एक बाजू या सभेपासून लपवून ठेवणे उचित होणार नाही. ती वाट शोधताना प्रयोगशाळेत सुमारे दोनशे कुत्र्यांवर शल्यक्रिया झाल्या आणि बहुसंख्य मुके जीव त्यात गेले. अॅना नावाची एक कुत्री त्यातून दीर्घकाळ जगली. तिचेही चित्र त्या संस्थेत लावले गेले. वाचलेल्या बालकांचा आनंद मानताना त्या मूक जिवांचे ऋण विसरणे, ही कृतघ्नता ठरेल. ज्यांच्या मनाला ही गोष्ट टोचते, त्यांचे टोचणे रास्त आहे. आजची इको तपासणी कोणालाही न दुखवता तेच हृदय उघडून दाखवते, याचे मोल त्यामुळे अधिकच जाणवते.

समाजाने काय करावे

आता आपल्या दाराशी येऊ. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच महाराष्ट्रातील पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा शुभारंभ झाला. त्यानुसार आरोग्य पथके अंगणवाड्या व सरकारी शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात, आणि जन्मजात हृदयदोष हा त्यांच्या यादीतील एक महत्त्वाचा विषय आहे. नवजात बाळाच्या उजव्या हाताला व पायाला प्राणवायूमापक लावून रक्तातील प्राणवायू पाहण्याची चाचणीही सोपी आणि वेदनारहित आहे. बाळ साधारण एक दिवसाचे झाल्यावर ती करतात. प्रमाण ९५ टक्के वा अधिक आणि हातापायांतील फरक ३ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ते समाधानकारक मानतात. कमी असेल तर इको तपासणीची गरज भासते. सर्व दोष या चाचणीत सापडत नाहीत, पण काही अत्यंत घातक दोष वेळेवर सापडतात. घरी सून किंवा लेक बाळंत झाली असेल, तर ही चाचणी झाली का, एवढे डॉक्टरांना अवश्य विचारावे. दूध पिताना बाळ वारंवार थांबत असेल, कपाळाला घाम येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वास जलद असेल, वजन वाढत नसेल, तर 'मुलीचे पुढे कसे होईल, लोक काय म्हणतील' या विचाराने ते झाकून ठेवू नये. झाकलेला दोष बरा होत नाही. केवळ उपचाराची योग्य वेळ निघून जाते.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. बारावी विज्ञान शाखेनंतर हृदयतंत्रज्ञानाचा पदवी अभ्यासक्रम करता येतो. २०२१ मध्ये केंद्र शासनाने संलग्न आरोग्य व्यवसायांविषयी स्वतंत्र कायदा केला आणि हृदयतंत्रज्ञ, ईसीजी व इको तंत्रज्ञ यांचा त्यात समावेश झाला. म्हणजे हे काम आता 'डॉक्टरांचा मदतनीस' एवढ्या मोघम शब्दात मोडत नाही. असे असूनही वैद्यकीय प्रवेश हुकला की घरात सुतक असल्यासारखे वातावरण होते. ज्या मुलामुलीचा हात स्थिर आहे, दृष्टी चौकस आहे आणि लहान मुलांविषयी ज्याला माया आहे, त्याच्यापुढे या सन्मान्य कामाची वाट मोकळी आहे, हे पालकांनी ध्यानी घ्यावे.

आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची गोष्ट दानाची. दान देणाऱ्यांना यंत्र दिसते, म्हणून यंत्र दिले जाते. त्यावर नाव घालता येते, त्याचे उद्घाटन होते. परंतु अंश चुकलेल्या हातात अत्यंत महाग यंत्रदेखील ६४ चे ४८ करून दाखवते. तेव्हा यंत्रासाठी निधी जमवताना त्यातील काही वाटा ते चालवणाऱ्याच्या शिक्षणासाठी, शिष्यवृत्तीसाठी, मोठ्या केंद्रात जाऊन अनुभव घेण्यासाठी राखून ठेवावा. एका गरीब घरच्या मुलीला हे शिक्षण मिळाले, तर तिच्या हाताखालून आयुष्यभरात सहस्रावधी बाळे जातील. त्या दानाची पाटी कोठेही लागणार नाही. पण यंत्राचे दान त्यामुळेच फलद्रूप होईल.

शेवटी पुन्हा त्या ईसीजीच्या खोलीत जाऊ. बाळ पोटभर दूध पिऊन झोपले आहे. आलेख निघाला आहे. तंत्रज्ञ भगिनी कोमट पाण्याच्या बोळ्याने छातीवरचा लेप हळुवार पुसते आहे, कारण त्वचा फार कोवळी आहे. कागदावर नाव, वय, वेळ, माप, सारे लिहून झाले आहे. आई बाळाला उचलते आणि पुढच्या खोलीकडे निघते. तिच्या डोक्यात शंभर चिंता आहेत. मागे वळून पाहण्याचे भान तिला नाही, आणि त्याचा राग कोणी धरू नये. पण जे सोबत असतील, आजोबा असोत, मामा असोत, आत्या असो, त्यांनी दारातून बाहेर पडताना क्षणभर थांबावे आणि विचारावे, "ताई, आपले नाव काय?"

एवढे बोलून हे विवेचन पूर्ण होते.